हजेरीच्या कागदावरचा ‘पण’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि पुंता दापदाप या आपल्या वस्तीचे निवडून आलेले कापितान माननीय एल्पिदियो गेमाय. शहरातून बोटीने इथवर येण्याचे कष्ट घेणारे आजचे प्रमुख पाहुणे, जिल्हा शाळा पर्यवेक्षक आदरणीय लाम्बेर्तो सर. प्रार्थना म्हणून सभेला सुरुवात करून देणारे आदरणीय फादर. ज्यांच्यासाठी हे छप्पर आज रंगीत कागदांनी सजलं त्या सत्कारमूर्ती, आपल्या शाळेच्या शिक्षिका मॅम रेमेडियोस गालवान. आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या राहिलेल्या, बास्केटबॉलच्या खांबाला टेकलेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना कोन्सोर्सिया गुम्बानचा विनम्र नमस्कार.

हे नाव ऐकून तिसऱ्या रांगेत माझ्या नवऱ्याने मान वर केली, कारण चाळीस वर्षांत त्यानेही ते एवढं लांब ऐकलेलं नाही. घाबरू नकोस तेबान, मीच आहे. सोरिंग. सुके मासे विकणारी.

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत माझे एका तट्ट्यावरचे मासेसुद्धा उलटून होत नाहीत. त्यामुळे अध्यक्षांनी जरा सबुरीने घ्यावं. अध्यक्ष माझं ऐकतील अशी मला आशा आहे, कारण बाप्तिस्म्याच्या दिवशी ते माझ्या मांडीवर होते आणि पाणी पडल्यावर त्यांनी जो सूर लावला तो मी अजून विसरलेले नाही. चारचौघांत मी त्यांना कापितानसाहेब म्हणते आणि घरी ते मला निनांग, म्हणजे धर्ममाता, म्हणतात. आज दोन्हींचा घोळ झाला तर सांभाळून घ्यावं.

कापितानसाहेबांच्या सेक्रेटरीने मला काल एक कागद आणून दिला. टाइप केलेला, इंग्रजीत, खाली माझं नाव. ‘एवढंच वाचायचं, मानांग, आपल्या मनाचं काही घालायचं नाही,’ असं त्याने मला थोरली बहीण मानून दोनदा सांगितलं. कागद सुबक आहे. मी तो नीट घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. तो मी का वाचत नाही हे कळण्यासाठी आधी मी इंग्रजी वाचायला कशी शिकले ते सांगावं लागेल, आणि ते सांगणं हाच मॅमचा सत्कार आहे.

मंडळी, आपलं बोलणं इलोंगोत, भांडण इलोंगोत, देवाकडे गाऱ्हाणंसुद्धा इलोंगोत. पण कचेरीतून येणारा कागद मात्र इंग्रजीत. होडीचा परवाना, दवाखान्याची चिठ्ठी, कोर्टाचं बोलावणं, सगळं इंग्रजीत. बारा वर्षांपूर्वी आमच्या होडीच्या परवान्याचं उत्तर आलं. तेबानने ते मोठ्या ऐटीत वाचायला घेतलं. अर्ज मिळाला, एवढं त्याला पहिल्या ओळीत कळलं. झालं, तेवढ्यावर त्याने शेजाऱ्यांना बोलावलं, मी पान्सितच्या शेवयांची कढई चढवली, पंधरा माणसं जेवून गेली. दुसऱ्या दिवशी तो होडी रंगवून पाण्यात घालणार तर किनाऱ्यावरच्या शिपायाने अडवलं. कागदात लिहिलं होतं, तुमचा अर्ज जरी मिळाला असला तरी परवाना देता येत नाही. आम्ही अर्ध्या वाक्यावर मेजवानी दिली होती.

त्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी मॅमच्या खोलीवर गेले. मॅमना तेव्हा इथे येऊन पाच वर्षं झाली होती. मी म्हटलं, मला सगळं इंग्रजी नको, नुसतं अर्धं वाक्य संपल्यावर पुढे काय येतं तेवढं ओळखायला शिकवा. मॅम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्यासारख्या आणखी किती जणी आहेत? पुढच्या रविवारी मासे वाळवण्याच्या तट्ट्यांशेजारी, बदामाच्या झाडाखाली आम्ही नऊ जणी होतो. सहा महिन्यांनी चाळीस. नंतर पुरुषही आले, पण त्यांनी आपण मासे राखायला बसलो आहोत असं सांगितलं. बारा वर्षांत आम्ही काय शिकलो असं कुणी विचारलं तर मी सांगेन, आम्ही चार शब्द शिकलो. बट, ऑल्दो, व्हाइल आणि येट. सर, तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या.

मॅमनी पहिल्या दिवशी फळा काढला नाही. माझी कावड मागितली. दोन्ही टोपल्यांत मासे घालून ती खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, हा बट. दोन टोपल्या, दोन्ही पूर्ण, कुठलीही उतरवून ठेवली तरी ती आपल्या बुडावर उभी राहते. पण गिऱ्हाइकाला तुम्ही जी टोपली शेवटी दाखवता तीच त्याच्या डोक्यात राहते. मासा लहान आहे पण ताजा आहे, म्हटलं की मासा विकला गेला. ताजा आहे पण लहान आहे, म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या बाईकडे गेलं. मासा तोच, शब्दही तेच. हे आम्हाला कावड न घेता आयुष्यभर येत होतं, ते इंग्रजीत कसं येतं तेवढंच मॅमनी दाखवलं.

मग त्यांनी माझ्या सुनेला उभं केलं. तिच्या पाठीला तेव्हा माझी नात बांधलेली होती. मॅम म्हणाल्या, हा ऑल्दो. ज्या अर्ध्या वाक्याला ऑल्दो बांधलंत ते पाठीवरचं मूल. ते एकटं चालत नाही, बाई जाईल तिकडे जातं. वाक्यात ते पुढे बांधा नाहीतर मागे बांधा, चालणारी बाई एकच. कागद हातात आला की आधी बघायचं, मूल कोण आणि बाई कोण. बाई जिकडे चालली असेल तिकडे कागद चालला आहे.

घरी येऊन मी तेबानवर प्रयोग केला. माझा नवरा जरी पीत असला तरी चांगला आहे. मग उलटा केला. माझा नवरा जरी चांगला असला तरी पितो. तेबानला विचारलं, कुठलं लिहू? तो म्हणाला, आज कुठला वार आहे त्यावर ठरव. माणूस प्रामाणिक आहे.

व्हाइल सोपा होता. त्याने दोन माणसं शेजारीशेजारी उभी करायची आणि कुणालाच काही म्हणायचं नाही. कापितान सावलीत बसतात, तर आम्ही उन्हात उभ्या राहतो. एवढंच. भांडण ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप होतं. आणि येट म्हणजे हट्टी बाई. सगळं ऐकून घेते, मान डोलावते, आणि तरीही. हाउएव्हर म्हणून एक साहेब आहेत, ते बहुधा दुसऱ्याच्या होडीत बसत नाहीत, पूर्णविराम देऊन स्वतःची वेगळी होडी मागतात. त्यांच्याशी आमचा फारसा संबंध आला नाही.

माझी एक चूक मात्र बारा वर्षांत सुटली नाही. आपण बोलताना जरी म्हटलं की पुढे तरी येतंच. दोन्हीकडे खुंट्या ठोकल्याशिवाय आपला तंबू उभा राहत नाही. इंग्रज एकाच खुंटीवर भागवतो. ऑल्दो आला की बट नको. मी दोन्ही घालायचे, मॅम एक खोडायच्या, पुढच्या रविवारी मी पुन्हा दोन्ही घालायचे. ही चूक लक्षात ठेवा, तिचं पुढे काम आहे.

आता कापितानसाहेब, पाण्याचा घोट घ्या, तुमचा भाग आला.

दोन वर्षांपूर्वी याच छपराखाली सभा झाली. आपल्या किनाऱ्यावर, जिथे आपण मासे वाळवतो, जिथे तिवरांखाली बायका कालवं काढतात, तिथे भराव टाकून मोठ्या बोटींसाठी धक्का बांधायचा असं एका कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीचा माणूस गोड बोलला. काही जणांनी विचारलं, मासे वाळवायचे कुठे? तो म्हणाला, बघू. कालवं? बघू. आपण सगळ्यांनी हो हो म्हटलं. आपल्याकडे हो म्हणजे ऐकलं, हे आपल्याला माहीत आहे. कंपनीला माहीत नव्हतं, की फार चांगलं माहीत होतं?

मग पान्सित आलं, झावळीत बांधलेले चिकट भाताचे इबोस आले, आणि त्यामागून हजेरीचा कागद आला. अख्ख्या फिलिपिन्समध्ये खाणं आणि हजेरी यांच्याशिवाय सभा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. खाल्लं की सही करायची, ही आपली रीत. किती ताटं गेली ते कळावं म्हणून करतात असंच मी जन्मभर समजत आले. कुणी घरच्यांसाठी आणखी एक ताट मागितलं तर त्याच्याही नावाची सही ठोकायची. तेबानने तर आपल्या भावाची सही केली. भाऊ तेव्हा जहाजावर होता, कुठल्या समुद्रात ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दोन महिन्यांनी चावडीच्या फळ्यावर एक ठराव लागला. मी मीठ आणायला चालले होते. सवयीने थांबले आणि सवयीने शोधलं, मूल कोण, बाई कोण. वाक्य असं होतं: काही थोड्या रहिवाशांनी जरी शंका विचारल्या असल्या, तरी समस्त ग्रामस्थ या धक्क्याला मनापासून संमती देत आहेत. आमच्या शंका पाठीला बांधल्या होत्या आणि संमती तुरुतुरु चालत निघाली होती. खाली जोडलेली पानं उलटली. त्या सभेची हजेरी. एकशे बारा सह्या. माझी, माझ्या सुनेची, आणि जहाजावरच्या दिराची.

मी तशीच कापितानांच्या दारात गेले. म्हटलं, एल्पिदियो, आम्ही आल्याची सही केली होती. तो म्हणाला, “निनांग, मग आल्याचंच लिहिलंय ना. आणि तुमच्या शंकाही लिहिल्यात, हे बघा, पहिल्याच ओळीत. अजून काय पाहिजे?” मी म्हटलं, ओळ पहिली आहे, पण ती चालत नाही. तो म्हणाला, “तुम्हाला इंग्रजी कोण शिकवतंय ते मला माहीत आहे.” त्याच्या आवाजात तेव्हा राग नव्हता. नुसती नोंद होती. मला ती रागापेक्षा वाईट वाटली.

तिथून मी मॅमकडे गेले आणि आज या सगळ्यांसमोर कबूल करते, मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही कागद बघितला असणार, मग आम्हाला आधी का नाही सांगितलंत? आम्हाला एक सणसणीत पत्र लिहून द्या, आम्ही खाली सह्या करतो. मॅम नाही म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर आहे, तुम्ही परगावच्या, किनारा गेला तर तुमचं काय जातं? मॅमनी तेही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी लिहून दिलं तर ते माझं पत्र होईल, मानांग. मी गेले की पत्रही जाईल. तुमचं तुम्हाला लिहिता आलं पाहिजे, मग ते कुणाला बदलीवर पाठवता येणार नाही.”

मॅम, तुमचं काय गेलं ते आज कळतंय. त्या वाक्याची मला लाज वाटते, आणि ती मला सगळ्यांसमोर वाटायला हवी होती म्हणून मी आज हा माईक मागून घेतला.

नियमाने अशा कामाला दुसरी सभा घ्यावी लागते आणि तिला प्रांताच्या कचेरीतल्या बाईला हजर राहावं लागतं. सभेची तारीख लागली तेव्हा आमच्यात खल झाला. जायचं नाही, असं अर्धे म्हणाले. मग लिहिणार की कुणीही विरोधाला आलं नाही. जायचं पण सही करायची नाही, असं उरलेले म्हणाले. मग लिहिणार की अमुक माणूस आलाच नव्हता. आणि खायचं नाही, असं तर कुणी म्हटलंच नाही. समोर वाढलेलं नाकारायचं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, तेवढे निर्लज्ज आपण झालेलो नाही. जावं तर फसलो, न जावं तरी फसलो.

सभेआधीच्या रविवारी मॅमनी वर्ग घेतला. धक्क्याचं नावही काढलं नाही. एवढंच सांगितलं की आज प्रत्येकाने एक वाक्य करायचं, त्यात दोन अर्धी हवीत, आणि दोन्ही खरी हवीत. दुसऱ्याचं बघून लिहायचं नाही. मांजरी येऊन तट्ट्यावरचे मासे घेऊन गेल्या तरी कुणी उठलं नाही.

सभेच्या दिवशी सगळे गेलो. सगळ्यांनी खाल्लं. कागद आला. मी पेन घेतलं, सही केली, आणि सहीपुढे लिहिलं: ऑल्दो मी जेवले, बट माझी संमती नाही. दोन्ही खुंट्या, एकाच वाक्यात. कागद पुढे गेला. माझ्या सुनेने लिहिलं, मी आले आहे पण होकार द्यायला नाही. कुणी लिहिलं, पान्सित छान होतं पण आमची कालवं अधिक छान आहेत. तेबानने लिहिलं, मागच्या वेळी भावाची सही मी केली होती, पण तो तेव्हा दुसऱ्याच समुद्रात होता. हजेरीच्या कागदावर सहीला बोटभर जागा असते. वाक्यं शेजारच्याच्या रकान्यात गेली, समासात गेली, मग कागद उलटवला आणि मागे गेली. सेक्रेटरी धावत आला, म्हणाला, इथे फक्त सही करायची असते. आम्ही सगळ्यांनी हो हो म्हटलं.

शेवटी कागद लोला बास्योनकडे, आपल्या सगळ्यांच्या आजीकडे, गेला. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, एक्क्याऐंशी वर्षांच्या. वर्गाला त्या दर रविवारी यायच्या, पण सगळी अक्षरं काही त्यांना साधली नाहीत. त्यांनी अंगठा उमटवला आणि अंगठ्यापुढे, पेन मुठीत धरून, तीन इंग्रजी अक्षरं काढली. बट. पुढे काही नाही. प्रांताच्या बाईने वाकून विचारलं, “पण काय, लोला? वाक्य अर्धं राहिलं.”

लोला म्हणाल्या, “पुढचं मला लिहिता येत नाही. मी सांगते, तू लिहून घे. माझा नवरा या पाण्यातून परत आला नाही. मी रोज या पाण्याशी बोलते. त्याच्यावर माती घालायला मी कुणाला हो म्हटलेलं नाही.”

त्या बाईने ते लिहून घेतलं. शब्द न् शब्द, मी बघितलं. एल्पिदियोनेही बघितलं. लोलाच्या नवऱ्याबरोबर त्याचा स्वतःचा काकाही त्याच होडीत होता, हे इथे कुणाला सांगायला नको.

कंपनीचा कागद प्रांताच्या कचेरीतून परत आला. ग्रामस्थांची संमती आढळत नाही, एवढी एक ओळ. काम रद्द झालेलं नाही, नुसतं अडलं आहे, हे मला माहीत आहे. पण आज सकाळी मी त्याच किनाऱ्यावर मासे टाकून इथे आले.

सर, आता आपल्याबद्दल. आपण आमचे पाहुणे, आपल्याला अवघडल्यासारखं होईल असं बोलायची माझी इच्छा नाही. फक्त जे घडलं ते सांगते. त्यानंतर तीन आठवड्यांनी आपण शाळेत आला होतात. मी नातीला न्यायला व्हरांड्यात उभी होते. आपल्या हातात त्या हजेरीची नक्कल होती. आपण मॅमना म्हणालात, या वाक्यांचं इंग्रजी इतकं चुकीचं आहे की त्यातून निश्चित अर्थ निघत नाही, असं इंग्रजीची शिक्षिका म्हणून लिहून द्या. मॅमनी कागद घेतला. लाल पेन काढलं. सगळा वाचला, पुढून आणि मागून. मग पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, “सर, व्याकरणाच्या चुका सात आहेत. अर्थाची एकही नाही.”

आपण माझ्या वाक्यावर बोट ठेवलंत. म्हणालात, निदान हे तरी दुरुस्त करा, ऑल्दो आणि बट एकाच वाक्यात, बारा वर्षांत एवढंही शिकवता आलं नाही? मॅम म्हणाल्या, ते वाक्य त्या बाईंचं आहे, त्यांना विचारा. आपण मला विचारलं नाहीत. आज विचारलंत असं समजून उत्तर देते. मला नियम येतो, सर. तरीही मी दोन्ही ठोकले, कारण एक कुणी खोडला तर दुसरा राहावा.

नऊ आठवड्यांनी बदलीचा हुकूम आला. सेवेच्या गरजेनुसार. डोंगरातली शाळा, तीन गाड्या बदलायच्या आणि पुढे दीड तास चालायचं. मॅमचा गुडघा कसा आहे ते इथल्या पोराटोरांना माहीत आहे. सेवेला नेमकी त्याच गुडघ्याची गरज कशी पडली, असं मी विचारणार नाही. मी फक्त एवढं म्हणते की मॅमनी धक्का अडवला नाही, मॅमनी पत्र लिहिलं नाही, मॅमनी एका सहीपुढे एक अक्षर घातलं नाही. त्यांनी आम्हाला अर्ध्या वाक्यावर थांबायचं नाही एवढंच शिकवलं. तो गुन्हा असेल तर गुन्हेगार समोर बसले आहेत, मोजून घ्या.

आता चष्म्याच्या डबीतला कागद. त्यातलं एकच वाक्य मी वाचते, कारण तेवढंच महत्त्वाचं आहे, बाकी सगळी फुलं आहेत. मॅमच्या जाण्याने जरी आम्हाला दुःख होत असलं, तरी त्यांच्या बदलीला पुंता दापदापच्या समस्त ग्रामस्थांचा आनंदाने पाठिंबा आहे. खाली कोन्सोर्सिया गुम्बान. एल्पिदियो, अरे, निदान वाक्य तरी नवीन करायचंस. माझं दुःख पुन्हा पाठीला बांधलंस, आणि या वेळी चालायला माझेच पाय घेतलेस. हे मी वाचणार नाही. तू लहानपणी खोटं बोललास की मी तुझा कान धरायचे. आज तू अध्यक्ष आहेस म्हणून तुझा कान सुरक्षित आहे.

समारंभ आजच का ठेवला, हेही मी वाचून बघितलं. बदलीच्या हुकमाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलं आहे की ग्रामस्थांना हरकत नोंदवायची असेल तर ती पंधरा दिवसांच्या आत, लेखी, सहीसह, पर्यवेक्षकांच्या हाती द्यावी. आजचा चौदावा दिवस आहे. आज पाठिंब्याचा कागद सरांबरोबर बोटीने गेला असता, म्हणजे उद्या हरकतीला जागाच उरली नसती. हिशेब चोख होता. पण छपराच्या दारात आज पान्सित होतं, आणि पान्सित असलं की हजेरीचा कागद असतोच. तुम्हीच ठेवलात. आम्ही खाल्लं, कारण वाढलेलं नाकारत नाही. आम्ही सह्या केल्या, कारण आम्ही आलो आहोत.

तो कागद सेक्रेटरीने मघाशी सरांच्या फाइलमध्ये ठेवला. पुढची बाजू अगदी स्वच्छ आहे, नुसत्या सह्या, या वेळी रकान्याबाहेर कुणी गेलेलं नाही. मला काल दोनदा बजावलं होतं ना, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. पुढच्या बाजूला कुणी घातलेलं नाही.

मॅम, तुम्ही रडू नका, नाहीतर मलाही आवरणार नाही आणि हा कराओकेचा माईक रडणं फार मोठं करून ऐकवतो. तुम्ही आलात तेव्हा आम्ही तुम्हाला परगावच्या म्हणत होतो. आज तुम्ही डोंगरात गेलात तर तिथल्या बायकांना चार शब्द मिळतील, त्यांचं भलं होवो. पण आमचे रविवार रिकामे होतील आणि मला तुमच्यावाचून करमणार नाही, हे मी कुठल्याही शब्दाला न बांधता सांगते.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटांहून अधिक बोलू दिलं, त्यांचे आभार. सर इतक्या लांबून आले आणि शांतपणे बसले, त्यांचे आभार. फादर, तुमच्या प्रार्थनेचे आभार. पान्सित रांधणाऱ्या बायांचे आभार, मीठ बेताचं होतं. लोला बास्योन, तुम्ही आज आलात, तुमचे सगळ्यात जास्त आभार. मी शिकलेली बाई नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करा, पण सर, तो कागद उलटा आणि वाचा.